बोके आणि माणसं

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आम्हांला शिकवलं होतं की, मागणीपेक्षा पुरवठा वाढला की भाव उतरतो आणि भाव उतरला की उत्पादक हळूहळू धंदा गुंडाळतो. हा नियम कांद्याला लागू पडतो, दुधाला पडतो; सल्ल्याला मात्र पडत नाही. सल्ल्याला आपल्याकडे मागणी कधीच नव्हती. भाव शून्याखाली जायची सोय नाही म्हणून तो शून्यावर थांबलेला आहे. आणि उत्पादन? ते बारमाही चालू आहे. पोट दुखलं की ओव्याचा सल्ला येतो, मुलगी उपवर झाली की स्थळांचा येतो. असले सल्ले मान डोलावून ऐकावेत नि उंबऱ्याबाहेर सोडून द्यावेत. खिशाला तोशीस नाही. परंतु सल्ल्याची एक जात अशी आहे की ती मिळते फुकट, पण अमलात आणायला कर्ज काढावं लागतं. ती म्हणजे कॅमेऱ्याविषयीचा सल्ला. मी बँकेत कर्जाच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे या जातीशी माझा परिचय दोन्ही बाजूंनी आहे.

आमच्या पारनेरात हौशी फोटोग्राफरांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे नोंदणी, घटना, अध्यक्षपदावरून भांडण असलं काही नाही. रविवारी सकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर जे जमतात ते मंडळ. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी आहेत, एक मेडिकलवाले शेठ आहेत, शेतकी खात्यातले एक साहेब आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा एक पोरगा आहे. त्याला अजून कुणी सभासद मानत नाही, पण चहा आणायला तोच उठतो. मी बी.कॉम. असल्यामुळे चहाचा हिशेब माझ्याकडे. माझ्याजवळ कॅमेराही आहे. पण मंडळातलं माझं स्थान कॅमेऱ्यामुळे नाही, वहीमुळे आहे.

नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, लग्नातल्या जेवणाची तर पंगतीतच होते. सल्ला हा वाङ्मयप्रकार मात्र समीक्षकांनी अजून उपेक्षित ठेवलेला आहे. गेली काही वर्षं दर रविवारी मी तो पहिल्या धारेचा ऐकत आलो आहे. तेव्हा ही उणीव भरून काढण्याचा अधिकार मला नाही, तर कुणाला?

प्रथम परंपरा. समीक्षेत ती आधी सांगायची असते. कॅमेऱ्याविषयी एकमेकांना शिकवण्याची आपली हौस आजची नव्हे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि लगोलग तिचं नियतकालिकही निघू लागलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतलं ठळक नाव. तेव्हा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. काचेला कलोडियन फासायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धावत जाऊन धुवायची, अशी पद्धत नुकती आली होती. आपल्याकडच्या उन्हात ती काच विलायतेपेक्षा लवकर वाळायची. म्हणजे सल्ला देणाऱ्यालाही घाई आणि घेणाऱ्यालाही. आजची डिजिटल काच कधी वाळत नाही. चर्चा लांबण्याचं मूळ कारण मला तरी हेच दिसतं.

परदेशातून तंत्राचं पुस्तक मिळवण्याची परंपराही खास पारनेरची आहे. सेनापती बापट पारनेरचे. शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले आणि पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची पुस्तिका त्यांनी मिळवली. त्या पुस्तिकेने साम्राज्याला घाम फुटला. आमचे मेडिकलवाले शेठ जपानी कॅमेऱ्याची चारशे पानी पुस्तिका वाचतात तेव्हा घाम फुटतो तो फक्त टपरीवरच्या श्रोत्यांना.

आता भाषा. या वाङ्मयाची परिभाषा माझ्यासारख्या बँकवाल्याला सुरुवातीला फार जड गेली. 'तुमचा क्रॉप आहे का?' असं शेतकी साहेबांनी मला पहिल्या रविवारी विचारलं. क्रॉप म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पीककर्ज येतं. मी म्हटलं, 'आमची शेती नाही.' मग कळलं की स्वस्त कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो तो लहान असतो, त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. आणि अशा कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स लावली तर दृश्य पंचाहत्तरच्या लेन्सइतकं आवळून दिसतं. दीडपट! पन्नास ठेवून पंचाहत्तर देणारी योजना आमच्या बँकेतसुद्धा नाही. पण मंडळात ही गोष्ट दुखवट्याच्या सुरात सांगितली जाते.

दुसरा शब्द 'बोके'. 'या लेन्सचे बोके बघा, काय मऊ आहेत!' हे वाक्य मी प्रथम ऐकलं तेव्हा टपरीखाली वाकून पाहिलं. तिथं एक मांजर खरोखरच बसलेलं होतं, त्यामुळे माझा गैरसमज आठवडाभर टिकला. बोके हा शब्द जपानी. पुढची वस्तू ठसठशीत आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं, त्या विरघळण्याला बोके म्हणतात. लेन्सचं तोंड जितकं मोठं उघडेल तितके बोके मऊ. यासाठी एफ १.८ ची लेन्स असलेल्या माणसाला एफ १.४ ची घ्यायला सांगतात. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: तोंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात प्रकाश वाढतो दीडपटीहून जरासा जास्त. किंमत किती पटीने वाढते, तो आकडा मी गृहिणींच्या नजरेला पडू नये म्हणून इथे देत नाही. आणि एवढं भांडवल घालून मिळवायचं काय? तर मागचं काही दिसू नये, हे! न दिसण्यासाठी आपल्या लोकांना पूर्वी फक्त चष्मा काढून ठेवावा लागे.

सल्लागारांचे मला तीन पंथ आढळले.

पहिला यंत्रवादी. मेडिकलवाले शेठ या पंथाचे. फोटो कसाही असो, ते आधी विचारतात, 'कशावर काढला?' रोग्याला न बघता औषधाची चिठ्ठी वाचायची सवय. तिचा हा परिणाम असावा. त्यांच्या मते फोटो वाईट येण्याची कारणं तीनच: कॅमेरा जुना, लेन्स किटमधली आणि कार्ड हळू. माणूस कुठे उभा होता, हे कारण त्यांच्या यादीत येत नाही. कारण ते दुकानात मिळत नाही.

दुसरा नियमवादी. हे गुरुजी. चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग करा आणि विषय रेघेवर ठेवा, हा त्यांचा आवडता नियम. हा नियम तिरडीच्या दोऱ्यांसारखा त्यांनी आवळून धरलेला आहे. गंमत अशी की हा कॅमेऱ्याचा नियम नव्हेच. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने तो १७९७ साली देखाव्याच्या चित्रांबद्दल लिहिला. आणि कॅमेऱ्यातून घेतलेला, आज शिल्लक असलेला सर्वांत जुना फोटो आहे १८२६-२७ चा. म्हणजे बाळ जन्मायच्या तीस वर्षं आधीच त्याच्या वागणुकीचे नियम तयार होते. असं बाळ पुढे गुरुजींच्या हाती लागणारच.

तिसरा पंथ वैराग्यवादी. 'अहो, कॅमेऱ्यात काही नसतं. नजर पाहिजे, नजर!' हे वाक्य शेतकी साहेब उच्चारतात तेव्हा त्यांच्या गळ्यात मंडळातला सर्वांत महाग कॅमेरा असतो. पोट भरलेल्या माणसानेच उपवासाचं महत्त्व सांगावं, ही आपली रीतच आहे. हेच वाक्य त्या मोबाइलवाल्या पोराने एकदा म्हणून पाहिलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला चहा आणायला पाठवलं.

समीक्षकाने गुणही सांगावेत असा दंडक आहे, आणि इथे गुण आहेत. टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यात सप्तमातृकांचा पट अंधुक उजेडात आहे. तिथं गुरुजींनी तिकाटण्यावर कॅमेरा ठेवायला लावला, बटण दाबल्याचाही हिसका बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला आणि शटर रेंगाळत उघडं ठेवलं. डोळ्यांना न दिसलेल्या घड्या त्या फोटोत दिसल्या. माझ्या वडिलांचा एक अ‍ॅग्फा क्लिक-थ्री घरी आहे; एका रिळात बारा फोटो. त्यात प्रकाश मोजायचं यंत्र नव्हतं. तसल्या काळातला एक तोडगा कंडक्टरकाकांना तोंडपाठ आहे: लख्ख ऊन असेल तर तोंड सोळावर ठेवा, आणि आयएसओ शंभर असेल तर शटर सेकंदाचा शंभरावा हिस्सा. पारनेरच्या उन्हाला हा सल्ला वर्षातले दहा महिने चालतो, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. कदाचित म्हणूनच तो कुणी विचारत नाही.

मग तक्रार काय? तक्रार ही की, या वाङ्मयात 'कशाने' आणि 'कसं' यांची उत्तरं भरघोस आहेत. 'कुणाचा' हा प्रश्नच नाही. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार गांधीजींचा चरख्याजवळ फोटो घ्यायला आली. तिच्याजवळ त्या काळातली उत्तमातली उत्तम सामग्री होती. गांधीजींच्या सचिवाने ती पाहिलीच नाही. त्याने विचारलं, सूत कातता येतं का? येत नव्हतं. मग आधी शिका, म्हणाला. बाई चरख्यापुढे बसली, धागा तोडत तोडत थोडंफार शिकली, मग तिला आत सोडलं; तेही फ्लॅशचे तीनच दिवे वापरायच्या बोलीवर. दोन वाया गेले. तिसऱ्यावर आला तो फोटो आपण सगळे ओळखतो: पुढे चरखा, मागे वाचत बसलेले गांधीजी. कॅमेऱ्याविषयी दिला गेलेला हा मला माहीत असलेला सर्वोत्तम सल्ला आहे, आणि तो देणाऱ्याला एफ १.४ म्हणजे काय हे बहुधा ठाऊक नव्हतं.

आमच्या मंडळाचा चरखा निघोजला होता.

निघोज आमच्याच तालुक्यात. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला लांबलांबून लोक येतात. नदीच्या एका काठाला निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्यातली टाकळी हाजी, मध्ये झुलता पूल. पुराच्या पाण्यात भोवरे होतात, भोवऱ्यात दगडगोटे अडकतात, ते एकाच जागी गरागरा फिरत राहतात आणि कातळाला गिरमिटासारखं भोक पाडतात. हजारो वर्षं हे चाललं आहे. एकाच जागी फिरण्यातून काही निष्पन्न होऊ शकतं याचा टपरीबाहेरचा मला माहीत असलेला हा एकमेव पुरावा.

मंडळ तिथं वर्षातून आठ-दहा वेळा जातं. पहाटे निघायचं, कारण सूर्य उगवल्यानंतरचा तासभर उजेड सोनेरी असतो. सगळे एकाच कातळावर तिकाटणी रोवतात, शटर रेंगाळतं, पाण्याचं दूध होतं. सगळ्यांचे फोटो इतके सारखे येतात की कुणाचा कोणता हे कार्डावरूनच ओळखायचं. बँकेत आम्ही एकाच कागदाच्या तीन प्रती घेतो. पण निदान त्यावर 'मूळ' आणि 'दुय्यम' असे शिक्के मारतो.

पुलाच्या अलीकडे एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसायची. डोक्यावरून पदर, पुढ्यात पाटी, मापाला एक चेपलेला पेला. आमची गाडी थांबली की ती एकच विचारायची, 'आज बी दगडंच का?' मंडळी हसायची आणि पुढे जायची. दगडांवर ऊन यायच्या आत पोचायचं असायचं.

मागच्या वर्षी तिचा मुलगा माझ्या काउंटरवर आला. म्हातारी गेली होती. खातं बंद करायचे कागद झाले, तरी तो उठेना. मग हळूच म्हणाला, 'साहेब, आईचा फोटू मिळंल का? हितल्या फारमावरचा?'

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कुठल्याही बँकेतल्या कारकुनाला विचारा. हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे पुष्कळ माणसांचा आयुष्यातला एकमेव फोटो पासपोर्ट आकाराचा असतो आणि तो सरकारने नाहीतर बँकेने मागितला म्हणून काढलेला असतो. दर नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात, त्यांचे जुने फोटो मी पाहतो. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव: 'हलू नका' असं कुणीतरी दरडावल्याचा. माणूस गेलं की मग धावाधाव. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून चेहरा कापून काढतात. स्टुडिओवाला त्याला निळी पार्श्वभूमी लावतो, जन्मात न घातलेला कोट चढवतो आणि हार घालायला चौकट तयार होते. नातवंडं त्या कोटाला नमस्कार करतात.

फॉर्म देता येत नव्हता, दाखवता आला. फोटोवर बँकेचा गोल शिक्का होता. त्याची शाईची कड म्हातारीच्या डाव्या डोळ्यावरून गेलेली. मुलाने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, 'असू द्या.'

त्या रविवारी मी वही उघडली नाही. म्हटलं, आधी आपापली कार्डं नि हार्ड डिस्का उघडा. निघोजचे फोटो मंडळाकडे हजारोंनी होते. दोन दिवस शोध चालला. शेठजींच्या एका फोटोत ती सापडली: पुढे गवताच्या पात्यावर चतुर बसलेला, त्याच्या पंखांची शीर न् शीर दिसत होती, आणि मागे एक हिरवट लाल गोळा होता. तो गोळा म्हणजे म्हातारी. बोके अत्यंत मऊ आले होते. शेतकी साहेबांच्या एका देखाव्यात ती होती. पण चौकटीत खुपते म्हणून संगणकावर पुसून तिच्या जागी कातळ भरलेला. काम इतकं सफाईदार की दाखवून दिल्याशिवाय कळू नये. साहेब त्या फोटोकडे पाहत राहिले आणि त्या दिवशी नजरेबद्दल काही बोलले नाहीत.

मिळाली ती त्या पोराच्या मोबाइलात. दुकानात दुरुस्त केलेला फोन नीट चालतो का, हे बघायला त्याने तिच्याकडून शेंगा घेता घेता बटण दाबलं होतं. क्षितिज कललेलं, कोपऱ्यात त्याचं बोट, ऊन डोक्यावरचं. आणि म्हातारी तोंडापुढे पदर धरता धरता हसते आहे. पदर पोचायच्या आत फोटो निघालेला. तीन भागांच्या रेघा ओढून पाहिल्या असत्या तर एकाही रेघेवर ती सापडली नसती.

आता इथे समीक्षकाला सोपा निकाल देता आला असता की, तंत्र सगळं फोल, पोराचा मोबाइल श्रेष्ठ. पण पुढचं मी पाहिलेलं आहे. फोटो छापण्यासारखा नव्हता. तो गुरुजींनी सरळ केला, बोट कापलं, कपाळाखालची सावली इतक्या हलक्या हाताने उजळली की डोळे दिसले पण ऊन खोटं झालं नाही. शेठजींनी त्यांच्या महागड्या मॉनिटरवर तासभर बसून लुगड्याचा रंग मुलाला विचारून विचारून जुळवला. इतक्या वर्षांचा सल्ला पहिल्यांदाच उपयोगी पडताना मी पाहिला, कारण पहिल्यांदाच तो कुणासाठी तरी होता. तंत्र वाईट नाही. फक्त त्याला पत्ता लागतो. नाहीतर ते बिनपत्त्याच्या पाकिटासारखं पोस्टातच फिरत राहतं.

तेव्हा परंपरेत माझ्याही एका सल्ल्याची भर घालतो. हा अमलात आणायला कर्ज लागत नाही. आपल्या घरात साठीपुढची जी माणसं असतील, त्यांच्याशी शेंगा सोलत अर्धा तास बोला आणि बोलता बोलता फोटो काढा. कशानेही काढा. तो कागदावर छापा, आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. पेनने नको, शाई उतरते. मग हवे तेवढे खळगे काढा.

हा सल्ला मी मंडळापुढे ठेवला. सर्वानुमते मान्य झाला. क्षणभर कुणी बोललं नाही. मग शेठजी म्हणाले, 'पण छापायचा कशावर? मॅट की ग्लॉसी?'

गुरुजी म्हणाले, काचेच्या चौकटीत ग्लॉसी कधी घालू नये, दमट हवेत काचेला चिकटतो. मध्ये पुठ्ठ्याची पट्टी हवी. साहेब म्हणाले, पुठ्ठ्यात आम्ल असतं, कागद पिवळा पडतो. कंडक्टरकाकांनी विचारलं, मग बिनआम्लाचा पुठ्ठा मिळतो कुठे? तिथून दोन तास गेले. मी पोराला खाली बसवलं आणि चहा स्वतः आणला. एकूण अठरा चहा झाले. एरवी मी ते महसुली खर्चात टाकतो. त्या दिवशी भांडवली खर्चात टाकले.